समोरच्याची उजवी

तिथं नको भाऊ, इकडं बसा, या बाकड्यावर — ते स्टूल जरा हलतंय — म्हणजे हलत नाय, पण तिथं कुणी बसत नाय हल्ली. आणि मला उजव्या कानानं ऐकू येत नाय, डाव्या अंगाला बसलात तर तुमचं बोलणं तरी कळंल... बरं. बसा तिथंच, समोर. गिऱ्हाइकाला मी कोण सांगणारा. फक्त त्या टाकीला पाय लावू नका, ती भरलेली हाय. हवा हाय आत, कुकरच्या तिप्पट जोर धरा. कबड्डीची पदकं ठेवलीत, महाडच्या एका मंडळाची, रेझिनची, अजून दोन तास तरी उघडायची नाय. आणि मधनंच घरघर झाली तर दचकू नका, कम्प्रेसर हाय तो. टाकी थोडी गळते. हवा कमी झाली की तो आपला आपण सुरू होतो, भरतो, पुन्हा गप. दिवसभर असंच चालतं. सवय होते माणसाला.

तर तुमचं काय — वस्तू रेझिनमध्ये बसवायची, आणि बुडबुडा एक पण नको. हे सगळेच म्हणतात. पुडी उघडा की, बघू तरी. नंतर? आधी मी सांगायचं, मंग तुम्ही दाखवणार? चालंल. तुमची वस्तू, तुमची मर्जी. लोक काय काय आणतात, भाऊ — मुंडावळ्या आणतात, बाळाची नाळ आणतात, एक जण बापाची कवळी घेऊन आलेला, त्या कवळीचा पेपरवेट केला मी, अजून त्याच्या हापिसात हाय. मी कुणाला नाय म्हणत नाय. एवढंच विचारतो, वस्तू सुकी हाय ना? ओली असली की आत सडते. वरनं काच आणि आत सडकं, आणि मंग ते काढता पण येत नाय, बघत बसायचं जन्मभर. सुकी हाय? बास मंग.

हे बघा, हा पेला. तुमच्यासमोरच करून दाखवतो. दोन भाग हे रेझिन, एक भाग हे हार्डनर, त्याला गोठवणारं. आता घोटायचं — पण कसं? फेटायचं नाय. लोक मोबाईलवर बघतात आणि अंडं फेटल्यासारखं फेटतात, मंग फेस आला म्हणून माझ्याकडं येतात. काठी तळाला टेकवायची, कडेनं सावकाश फिरवायची, पाच मिनिटं. बोलत बोलत करायचं, नायतर कंटाळा येतो. मुंबईला साकीनाक्याला अठरा वर्षं मी हेच केलं — फरशा, टेबलं, हॉटेलांचे काउंटर — तिथला उस्ताद म्हणायचा, हवा को रास्ता दो श्रीपत, नहीं तो वो खुद बना लेगी. मी हसायचो. तेव्हा सगळ्याचंच हसू यायचं.

बघा, एवढं करून पण आलेच. बारीक बारीक, सोड्याच्या बाटलीसारखे. का? थंडी. थंडीत रेझिन काकवीसारखं घट्ट होतं, हवेला वर यायला जमत नाय. म्हणून ऊब द्यायची. आता मी गरम पाण्याच्या बादलीत ठेवतो बाटल्या, पण सुरवातीला आम्ही काय करायचो माहीत हाय? सवला न्यायचो. हां, सवच्या गरम झऱ्यावर. लोक तिथं खरूज घेऊन यायचे आणि आम्ही बाटल्या. पिशवीत बांधून पाण्यात सोडायच्या, अर्धा-पाऊण तास, तोवर काठावर बसून भेळ खायची, मंग गोधडीत गुंडाळून गाडीवर टाकायच्या आणि थेट पोलादपूर. येईपर्यंत रेझिन तेलासारखं पातळ. एकदा एक म्हातारी विचारते, बाटलीला काय आजार हाय रं? तर हा बोलतो, आजी, तिला दम लागतो. — हसत नाय तुम्ही. बरं. ती अक्कल माझी नव्हती, अक्षयची. माझा भागीदार. वर घाटातल्या वाडीवरचा. दोघांनी मिळून हे दुकान टाकलं. पाटीवर अजून दोघांची नावं हायत, बघितलीत ना येताना?

तर राहिलेले बुडबुडे. वरचे असतील तर जाळाची झुळूक मारायची, फुटतात. खालचे असतील तर टाचणीनं वर आणायचे. आणि नक्षीची वस्तू असली, खाचाखोचा असल्या, तर मंग टाकी. सगळं साच्यात ओतायचं, साचा टाकीत, झाकण, झाकणाला हे सहा बोल्ट, त्यावर सहा नट, कान असलेले, हातानं पिळायचे. आणि हवा भरायची. आता गंमत सांगतो, कुणाला सांगत नाय — टाकी बुडबुडा काढत नाय. लोकांना वाटतं काढते. ती फक्त दाबते. एवढा बारीक करते की डोळ्याला दिसत नाय, आणि तसाच आत गोठतो. हवा आतच असते. जाणार कुठं? पण गिऱ्हाईक हातात धरतं, उजेडात बघतं, वा श्रीपत, काच हाय काच. तर असं हाय.

वर काय बघताय? पत्र्याला? तो पोचा — तो झाकणाचा हाय. हां, याच झाकणाचा. ठोकून सरळ करून घेतलं मी, बोल्ट नवे घातले. टाकून कशाला द्यायची, चांगली टाकी हाय. सव्वा वर्ष झालं. तुम्ही या बाजूचे दिसत नाय, नायतर कळलं असतं, सगळ्या तालुक्याला माहीत हाय. अक्षय गेला त्यात. घाईचा माणूस, भाऊ. हात सोन्याचा पण घाईचा. मी आपला नाक्यावर चहा आणायला गेलो, आणि यानं एकट्यानं हवा भरली, काट्याकडं बघितलं नाय, भरतच गेला — आणि उडालं झाकण. मी पोलिसांना पण हेच सांगितलं, हेच लिहून घेतलंय त्यांनी. त्याची चूक, दुसरं काय. वाईट वाटतं बोलायला. त्याची आई विठाबाय, तिनं तर त्याचं नाव घ्यायचं सोडलंय. शपथ घेऊन. दूध घेऊन खाली येणारा गडी सांगत व्हता, वाडीत पोरं पळाली की बाया म्हणतात, अक्षयसारखी घाई करू नका. आणि विठाबाय ऐकते, गोठ्यात जाते. काय करणार. मी गेलो नाय वर. मला चढ झेपत नाय.

काय? कानाचं काय? — हां, त्या आवाजानंच गेला कान. म्हणजे — नाक्यावरनं नाय, नाक्यावरनं कसा जाईल. मी परत आलेलो, दारात व्हतो. चहाचे पेले हातात. दारात पाय टाकला आणि... हां. उजवा कान. दारातनं आत आलं की टाकी डाव्या हाताला येते, ते मला माहीत हाय, माझंच दुकान हाय. मी वळलो असंन. तुम्ही पोलिसात हाय काय? नाय ना? मंग कानाचं सोडा. रेझिन घट्ट व्हायला लागंल बोलता बोलता. एकदा कालवलं की चाळीस मिनिटं, मंग ते कुणाचं ऐकत नाय. यातच सगळी गोची हाय या धंद्याची. कालवलं की थांबता येत नाय.

— चालू झाला बघा. कम्प्रेसर. सांगितलं व्हतं ना, दचकू नका. मीच दचकलो.

हा बघा, मोठा आला. पेल्यात. मधी उभा राहिलाय, कुठं जाऊ बोलतोय. आम्ही ना, याच्यावर कौल लावायचो. खेळ आपला. कौल माहीत हाय ना, तुमच्याकडं लावतात का? आमचा बाप भैरीचा गुरव. देवाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, दोन्ही अंगाला, आणि विचारायचं — पोरीचं इथं जमवू का, म्हस विकू का, आजारी माणूस उठंल का. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाय. अख्खा गाव श्वास धरून बसायचा. मी बापाच्या बाजूला पाट घेऊन बसलेला असायचो, आठ-नऊ वर्षांचा. तर तसंच आम्ही बुडबुड्याला विचारायचो. आज गिऱ्हाईक येईल का? उजव्या काठाला फुटला, येणार. पाऊस उघडंल का? डाव्या काठाला, नाय उघडत. अक्षय समोर, मी इकडं, असंच, तुम्ही बसलात तसंच. आणि हसायचं. त्या दिवशी पण — त्या दिवशी काय नाय. त्या दिवशी मी चहाला गेलेलो.

बरं, आता दाखवा ती पुडी. एवढं सगळं सांगायला लावलंत. कापूर-बिपूर हाय काय आत, एवढी गाठ मारलीय. लुगड्याचा काठ दिसतोय, जुन्या लुगड्याचा. द्या, मी सोडतो.

...

हे कुठं मिळालं?

नाय, नट हाय हे मला पण दिसतंय. कान असलेला नट. आटे झिजलेत. असे नट कुठं पण मिळतात, महाडला कुठल्या पण हार्डवेअरमध्ये... हा लाल रंग? रंग असतो. टाकीला लाल रंग आम्हीच लावलेला, दसऱ्याला, ब्रश त्याच्या हातात व्हता आणि — खिशात? कुठल्या खिशात? तो काम करताना शर्ट काढून खिळ्याला लावायचा. तो शर्ट कपड्यांबरोबर वर गेला, मीच दिला पाठवून. मी खिसा बघितला नाय. कोण बघतं मेलेल्या माणसाचा खिसा. विठाबायनं धुतला नाय? सव्वा वर्ष धुतला नाय?

तू कोण? तुम्ही — तू चंदन. अक्षयचा धाकटा भाऊ. आखातात व्हतास ना तू, मातीला पण पोचला नव्हतास. तरी म्हटलं बसणं कुठं बघितलंय हे, दोन्ही हात मांडीखाली घालून. तो पण असाच बसायचा थंडीचा. मला आधी सांगायचं नाय? मी काय खाणार व्हतो तुला? चंदन, हे बघ, नट खिशात मिळाला म्हणजे काय, काय पण असू शकतं, जुना नट असंल, बदललेला — तू उठतोस कुठं? बस ना. चंदन. हात काढ तिथनं. ती भरलेली हाय. पिळू नकोस, अरे चेष्टा नाय ही, काटा बघ, पंचेचाळीसवर हाय. एक जरी नट ढिला झाला ना तर झाकण तिरकं होतं आणि बाकीचे पाच धरत नाय, एका झटक्यात — हां. हां. मला माहीत हाय. पाच धरत नाय हे मला माहीत हाय. हात काढ, सांगतो. आईशपथ सांगतो. हात काढ आधी.

बस.

मी चहाला गेलो नव्हतो. पाच नटांवर लावली व्हती टाकी. सकाळी त्यानं हा सहावा काढला, बोलला दादा आटे गेलेत, उद्या महाडला लेथवाल्याकडनं बनवून आणतो, आज टाकी नको. आणि खिशात टाकला. बरोबर बोलला. पण माझ्याकडं घाटावरच्या एका हॉटेलाचं काम व्हतं, खोल्यांच्या चाव्यांना लावायचे बिल्ले, आत स्ट्रॉबेरीची सुकी चकती. चाळीस बिल्ले. दुसऱ्या दिवशी हॉटेलाचं उद्घाटन. स्ट्रॉबेरीला भोकं असतात रे बारीक बारीक, बुडबुडे सुटतच राहतात, टाकीशिवाय जमतच नाय. आणि मी रेझिन कालवून बसलेलो. तो बोलला, कालवायच्या आधी विचारायचं ना, दादा. मी बोललो, आता कालवलंय, आता काय, चल कौल लावू.

इथंच. मी इथं, तो तिथं. पेल्यात एक मोठा आला, असाच. मी विचारलं, पाचावर चालंल का? आणि तो सरकत सरकत गेला आणि काठाला फुटला. माझ्या उजव्या अंगाला. मी बोललो, उजवी. तो बोलला, दादा, डावी हाय. त्याच्या बाजूनं डावी. मी बोललो, विचारणारा मी, माझी उजवी. तो हसला रे. वाद घालायचा नाय त्याचा स्वभाव. तुमची तर तुमची, बोलला, आणि साचे उचलले त्यानं. घाई नव्हती त्याला. घाई माझी. ते मी त्याच्या नावावर लावलं, दुसरं काय. तू सांग तिला. घाई नव्हती.

अजून विचार. विचार, काय बघतोस तसा. मोकळा बोल्ट कुठल्या बाजूला व्हता? — त्याच्या. सहावी जागा त्याच्या बाजूला व्हती. आधी माझ्या बाजूला व्हती. मी टाकी फिरवली. पाइप पोचत नव्हता, चंदन. पाइप आखूड पडत व्हता म्हणून फिरवली. कम्प्रेसर तेव्हा पण तिथंच व्हता... हो, आता पोचतो. तोच पाइप. आता कसा पोचतो मला नाय सांगता येत. मी रोज बघतो आणि मला नाय सांगता येत.

आणि एक सांगतो, ते तू विचारणार नाय, तुला ठाऊक नसंल. कौलाला आपली उजवी बघत नाय. देवाची बघतात. देव समोर असतो, तोंड आपल्याकडं करून, तर त्याची उजवी म्हणजे आपली डावी. आठ वर्षांच्या पोराला कळतं ते. मी तर गुरवाचा पोरगा. बाप पाकळी पडली की आधी हात वर करून दाखवायचा लोकांना, ही देवाची, तुमची नव्हं. शंभर वेळा बघितलंय मी. आणि त्या दिवशी समोर अक्षय व्हता. समोरच्याची बघायची असते, आणि समोरचा डावी बोलत व्हता. कौल नाय म्हणत व्हता रे. मी चूक केली, असं मी म्हणतो. रात्री पडल्या पडल्या पण असंच म्हणतो, चूक झाली, विसरलो. विसरंल का गुरवाचा पोरगा? तूच सांग. नको, नको सांगू.

काय दाखवतोस? ओतू? या नटावर? आता? ... बरं. पेल्यातलं अजून चालंल, दहाएक मिनिटं हायत. आण तो चौकोनी साचा. ठेव मधी. असा नाय, कान वर कर. आईला देणार ना? तिला कुठं ठेवायचं ते ठेवू दे. हळू ओततोय मी, एका कोपऱ्यातनं, धार बारीक. हे बघ, चढलं वर. बुडाला नट. आता नटाच्या भोकात आटे हायत, आट्यात हवा बसलेली असते, ती निघणार. टाचणी नको घेऊस. टाकीत पण नाय घालायचा हा. दाबायचा नाय. काय निघंल ते निघू दे.

आला. एकच. मोठा हाय.

चंदन, मी विचारतो हां. शेवटचं. भैरीबाबा, मी विठाबायसमोर जायचं टाळू का? पोलिसात लिहून दिलंय तेच राहू देऊ का? — सरकतोय. बोलू नकोस. काठाला चाललाय. माझ्या उजव्या अंगाला चाललाय, बघ, तसाच, तिथंच —

फुटला.

बोल. तू समोर हायस, तूच सांगायचं. मी नाय सांगणार या खेपेला. कुठली?

... काय? मोठ्यानं बोल. उजवा कान नाय मला.

डावी.

हां. तो पण हेच बोलला व्हता.

ऊठ त्या स्टुलावरनं. साचा हलवू नकोस, उद्यापर्यंत तिथंच राहू दे, मी घेऊन येतो वर. हो, मीच. चढ झेपंल. तू आज पुढं जा आणि विठाबायला एवढंच सांग, तुझा पोरगा डावी म्हणाला व्हता. बाकीचं मी तिच्या तोंडावर सांगतो आणि मंग खाली पोलिसात. जा. ते कम्प्रेसरचं बटण तेवढं बंद कर जाता जाता. लाल. हां.

गेला आवाज.

जा आता.